न लागलेली कड

ट्राम नदीच्या रस्त्याला वळली आणि ‘टिक्’ असा आवाज झाला. मोठा नव्हे. वाळलेल्या लाकडाला कातडं चाटून जावं, एवढाच. जेरेमाया टूमीने घाईघाईने ओठ मिटले, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की ओठ मिटलेलेच होते. जीभ खालच्या दातांमागे गप्प पडून होती. समोरच्या बाकावर शर्टांच्या कॉलरच्या कारखान्यातली एक बाई मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. तिने मान वर केली आणि नेमकं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ट्राममध्ये आणखी बरीच माणसं होती, घोड्यांच्या टापा होत्या, खडखडणाऱ्या खिडक्या होत्या, पण तिने पाहिलं ते त्याच्याचकडे. म्हणजे तिलाही ऐकू गेलं. टूमी उगाच खोकला, टोपी सारखी केली आणि बाहेर बघू लागला. हडसन नदी जूनच्या उन्हात पसरली होती आणि ओतशाळांचा धूर तिच्यावर नेहमीसारखाच लोंबत होता. आपण तो आवाज केला नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि अख्ख्या ट्रॉय शहरात तो आवाज करणारा माणूस एकच आहे, हेही त्याला तितकंच पक्कं ठाऊक होतं.

तो आवाज म्हणजे टूमीची भाकरी होती. बेसबॉलमध्ये कॅचर बॅटवाल्याच्या पाठीशी उभा असतो. पिचरने टाकलेला चेंडू बॅटची नुसती कड घेऊन मागे आला आणि कॅचरने तो वरच्या वर धरला, की बॅटवाला बाद. पुढची संधी वगैरे काही नाही, चालता हो. आता कड लागली की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. ते ऐकावं लागतं. आणि ऐकणारा अंपायर म्हणजे बहुतेक वेळा गावातलाच एखादा दुकानदार, उंच टोपी घालून उन्हात उभा राहून कंटाळलेला. टूमी जिभेचं टोक टाळूला लावायचा आणि अशा बेताने सोडायचा की चेंडू तळहातावर बसायच्या किंचित आधी ‘टिक्’ व्हायचं. बॅट चेंडूपासून वीतभर लांब असली तरी अंपायरचा हात वर जायचा. बॅटवाला शपथा घ्यायचा, बॅट आपटायचा, पण आतून तोही डळमळायचा, कारण ऐकलेलं त्यानेही असायचं. तोंडावर तारांची जाळी बांधायची पद्धत आली तेव्हा तर सोन्याहून पिवळं झालं. जाळीमागे कोणाचं तोंड हललं हे कोण बघतंय? एका सामन्यात फार तर एकदा. मीठ चवीपुरतंच घालावं, एवढं त्याला कळत होतं. गावातली माणसं म्हणायची, टूमीचे कान सशाचे, त्याला जी कड ऐकू येते ती देवालाही येत नसेल. टूमी मान खाली घालून हसायचा.

पण आज त्याच्या डोक्यात सामना नव्हताच. डीलियाला, त्याच्या बायकोला, आठवा महिना लागला होता आणि तिच्या पोटातलं मूल गुरुवारपासून हललं नव्हतं. आधी तिने सांगितलंच नाही. काल सकाळी ती चुलीपाशी उभी होती, एक हात कमरेवर, आणि बटाट्याचं पाणी उतू चाललं तरी तिचं लक्ष नव्हतं. त्याने भांडं उतरवलं. मग ती म्हणाली, हे फार झोपतंय रे. तो म्हणाला, आळशी निघणार, मामांवर जाणार. ती हसली. मग दोघंही बराच वेळ तिच्या पोटाकडे बघत उभी राहिली, दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तशी. दोन वर्षांपूर्वी पहिलं मूल गेलं तेव्हा टूमी शिकागोकडे सामन्यांना गेलेला होता. परत आला तोवर सगळं आवरून झालं होतं. पाळणासुद्धा कोणी शेजारीण घेऊन गेली होती. डीलियाने तेव्हा त्याला एकच गोष्ट विचारली होती, तिकडे पाऊस होता का. आपण तिला काय उत्तर दिलं हे त्याला आता आठवत नव्हतं, आणि आठवत नाही याची त्याला फार लाज वाटायची. एवढं दुःख झालेल्या बाईने एक साधा प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर आपण कुठे टाकून आलो?

मागच्या गल्लीतली हॅनलनबाई आज संध्याकाळी यायची होती. अर्धं दक्षिण ट्रॉय तिच्याच हातांवर जन्मलेलं. तिच्याकडे लाकडाची एक नळी असते, पोटाला लावून ऐकायची. डॉक्टर आणू का, असं टूमीने विचारलं तर हॅनलनबाईनेच उडवून लावलं होतं. तोही येऊन कानच लावणार, आणि त्या मेल्याचे कान नेहमी गार असतात, म्हणे. मग आज मी खेळायला जात नाही, असं टूमी म्हणाला तेव्हा मात्र डीलिया एकदम उसळली.

“इथं बसून काय करणार आहेस? माझ्या पोटाकडं बघत बसशील, झालं. मला नाही सोसत ते, जेरी. जा तू. तुझ्याशिवाय त्यांच्याकडे पाठीमागं उभं राहणारं आहे तरी कोण?”

ते खरंच होतं. संघातल्या दुसऱ्या कॅचरचा अंगठा मोडून तो घरी बसला होता. पण टूमी निघाला तो संघासाठी नव्हे. तो आवाज आता घरातही होऊ लागला होता, आणि तिच्या पोटाजवळ तो होऊ नये असं त्याला वाटत होतं. का वाटत होतं हे त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

केव्हापासून झालं हे? बहुधा ईस्टरच्या आधीपासून. एकदा तो एकटाच बसून बोटांना चरबी चोळत होता, तेव्हा ‘टिक्’ झालं आणि दिव्याची काच तडकली. काच तडकताना आवाज होतोच, त्यात काय एवढं. तरी त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्या गारठ्याच्या मुलखात भिंतीवर पाली नसतात, पण मनात चुकचुकायला त्यांना भिंत लागत नाही. त्याला राहून राहून वाटत होतं की आधी आवाज झाला, आपण मान वर केली, काच धड होती, आणि मग ती तडकली. पुढे एका रविवारी चर्चमध्ये झालं. वेदीवरची घंटा वाजली ती त्यानंतर. मग जिन्यात झालं, आणि वरून उतरणाऱ्या म्हाताऱ्या भाडेकरूच्या हातातली काठी मोडली. दरवेळी आवाज थोडा आधी. कोणी हाक मारावी आणि वस्तूंनी ओ द्यावी तसं. टूमी जीभ दातांत धरून झोपू लागला. सकाळी उशीवर रक्ताचा ठिपका असायचा आणि डीलिया विचारायची, रात्री कोणाशी भांडत होतास?

ट्राम चढाला लागली. त्याने हात मांडीवर उताणे ठेवले. उजवी करंगळी बाहेरच्या अंगाला वळलेली, मधली बोटं पेरापेरांशी गाठाळलेली, डाव्या अंगठ्याचं नख एकदा गेलं ते परत उगवलंच नाही. हे हात बघून कोणी म्हणालं असतं, खाणीतला दिसतो. तो मुळात ओतशाळेतला. त्याचा बाप समुद्रापलीकडच्या केरीहून बोटीने आलेला, चुलींचे साचे करणारा, आणि मुलगा खेळण्याचे पैसे घेतो हे त्या माणसाच्या पचनी कधी पडलं नाही. “मग पोरींनीही दोरीवरच्या उड्यांचे पैसे मागावेत,” असं तो चारचौघांत म्हणायचा. बाहेरगावी खोली मागायला गेलं तर मालकिणी खेळाडू म्हटल्यावर दार लोटायच्या; सर्कसवाले आणि फिरते विक्रेते जिथे उतरायचे तिथेच यांची पथारी. थंडी पडली की टूमी पुन्हा ओतशाळेत, वाळू चाळायला. असं करत करत वर्षं गेली. बाप एकदाच सामन्याला आला. तोही आत नाही, फळ्यांच्या कुंपणाला एक भोक होतं त्याला डोळा लावून उभा होता, म्हणजे आलो नव्हतो असं म्हणायला मोकळा. त्या दिवशी टूमीने एका जाड्या बॅटवाल्याला जिभेने बाद केलं होतं. रात्री कोबी चिवडत बाप म्हणाला, त्या जाड्याला कड लागलीच नव्हती, नाही का रे. लागली होती, टूमी म्हणाला. बाप बराच वेळ चावत राहिला. “असेल. मला ऐकू आली खरी. दिसली मात्र नाही.” पुढच्या हिवाळ्यात तो वारला. हे एवढं वाक्य टूमीच्या वाट्याला आलं, बाकीचं सगळं भावांनी वाटून घेतलं.

आणि शॅनली. ही जिभेची करामत त्याला शिकवली ती बार्नी शॅनलीने, अल्बनीच्या जुन्या कॅचरने. “अंपायर कानांनी बघतो, पोरा. आधी त्याच्या कानात घाल, मग त्याला आपोआप दिसतं.” शॅनली आता नदीपलीकडे बहिणीच्या घरी पडून असतो. मागच्या हिवाळ्यात टूमी त्याला भेटायला गेला तर म्हातारा न पेटवलेला पाइप दातांत धरून बसला होता, इतका घट्ट की जबड्याच्या शिरा टरारल्या होत्या. हूं नाही की चूं नाही. बहिणीने सांगितलं, हा असाच असतो, झोपेतसुद्धा. जेवताना तेवढा पाइप काढतो, आणि तेव्हा मी सगळ्यांना घराबाहेर घालवते. का घालवतेस, हे टूमीने विचारलं नाही. म्हाताऱ्याला वेड लागलंय असं समजून तो परत आला होता. आज ट्राममध्ये त्याला तो जबडा पुन्हा आठवला. म्हातारा वेडा नव्हता. तो दार लावून बसला होता.

मैदानाशी ट्राम थांबली तेव्हा टूमीचं ठरलं होतं. आज एकदाही नाही. हे तो कोणाला म्हणाला नाही, देवाला नाही, कुमारी मेरीला नाही. पण कुणाशी तरी व्यवहार पक्का झाल्यासारखं त्याला वाटलं. मी आज तोंड बंद ठेवतो, तू संध्याकाळी ते मूल हलव. खेळाडूंच्या खोलीत त्याने जुन्या पेटीतून रबराचा एक जाड तुकडा शोधून काढला. जाळ्या नव्हत्या तेव्हा कॅचर लोक दात वाचवायला असला तुकडा चावून उभे राहायचे. त्याने तो तोंडात कोंबला. चव जुन्या बुटाची होती. जीभ तळाशी दबून गेली, हलवू म्हटली तरी हलेना, आणि कित्येक आठवड्यांत प्रथमच त्याला मोकळं वाटलं. मॅनेजरने काहीतरी विचारलं, टूमीने नुसती मान हलवली. दाढ दुखत असेल, असं मॅनेजर दुसऱ्या कोणाला तरी म्हणाला.

सामना चांगला चालला. टूमीला त्यातलं फारसं काही कळलं नाही. चेंडू यायचा, तळहात भाजायचे, तो परत फेकायचा. मधूनच त्याला स्वयंपाकघरातली डीलिया दिसायची, खुर्चीत बसलेली, दोन्ही हात पोटावर, कान देऊन. ती त्याच्यासारखीच ऐकत बसली होती. शेवटच्या डावात ट्रॉय एका धावेने पुढे होतं, पाहुण्यांचे दोघं बाद झाले होते, तिसरा बाद झाला की सामना संपणार होता, आणखी दोघं धाव पुरी करायला टपलेले होते, आणि बॅट घेऊन आला ऑगस्ट लिंडेमान. मोठा शांत जर्मन माणूस, खाटकाचा मुलगा, खोटं बोलायला लागलं तर आधी टोपी काढणारा. बॅटवाल्याने चेंडू कुठे हवा ते सांगायचं, असा तेव्हा नियम. लिंडेमान म्हणाला, “खाली.” पिचरने खाली टाकला. लिंडेमानने बॅट फिरवली, आणि टूमीने जाळीतून स्वच्छ पाहिलं, बॅट आणि चेंडू यांच्यामधून पलीकडचं गवत दिसलं. उन्हात चमकणारं, हिरवं गवत. आणि ‘टिक्’ झालं.

चेंडू त्याच्या हातात होता. मैदानावर सगळं थांबलं होतं. अंपायर होता प्रॅट म्हणून एक बुटांचा दुकानदार, सज्जन माणूस. त्याचा हात अर्धा वर गेला आणि तिथेच घुटमळला. आवाज त्याने ऐकला होता, पण बहुधा त्यालाही ते गवत दिसलं असावं. शंका आली तर अंपायरने खेळाडूला विचारावं, अशी जुनी रीत होती, माणसं एकमेकांना सभ्य समजत त्या काळातली. प्रॅट दोन पावलं पुढे आला.

“जेरी, तुझ्या इमानावर विचारतो. कड लागली का?”

टूमीने जाळी वर केली. तोंडातून रबराचा तुकडा काढला, लाळेने भिजलेला, त्यावर दातांच्या खुणा उमटलेल्या, आणि तळहातावर धरून प्रॅटला दाखवला. बघा, असं म्हटल्यासारखा. प्रॅटला त्यातून काय समजणार? तो बिचारा तुकड्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत टूमीला हा प्रश्न पुष्कळदा विचारला गेला होता आणि उत्तर कधी अडलं नव्हतं. आज आपल्याला रडू येतंय हे बघून तो चकित झाला.

“नाही लागली,” तो म्हणाला. “मध्ये वीतभर जागा होती.”

लाकडी बाकांवरून शिव्यांचा एकच गदारोळ उठला. कोणीतरी ओरडलं, पाहुण्यांनी किती चारले रे तुला. ट्रॉयचा पिचर जागेवरच मांडी घालून बसला. टूमीला काही वाटलं नाही. व्यवहारातला आपला वाटा त्याने चुकता केला होता. त्याला तर हलकं वाटत होतं, घरी पळत जावंसं वाटत होतं. प्रॅटने हात खाली घेतला. एवढ्यात लिंडेमान, जो इतका वेळ स्वतःच्या बॅटकडे बघत उभा होता, वळला. त्याने टोपी काढली नाही.

“लागली,” तो म्हणाला. “टूमी चुकतोय. हाताला कळलं मला.”

आणि बॅट खांद्यावर टाकून तो चालू लागला. सामना संपला. ट्रॉय जिंकलं. माणसं कुंपणावरून आत उड्या मारून आली, ज्यांनी शिव्या दिल्या होत्या त्यांनीच टूमीच्या पाठीवर थापा मारल्या, असा सभ्य सामना गेल्या कित्येक वर्षांत झाला नाही म्हणाले. टूमी थापांखाली हलत उभा राहिला. गर्दी पांगल्यावर तो पाण्याच्या पिंपापाशी गेला. लिंडेमान मान ओली करत होता.

“तू का असं बोललास?”

“कसं?”

“तुला दिसलं होतं. मला दिसलं, प्रॅटला दिसलं. तुला दिसलं नाही?”

लिंडेमानने तोंड पुसलं. त्याला उत्तर द्यायचं होतं, पण ते नीट द्यायचं होतं. “दिसलं,” तो सावकाश म्हणाला. “जागा होती मधे. पण आवाज झाला, आणि मग माझ्या हाताला लागलं. इथं.” त्याने मनगट पुढे केलं. “अजून झिणझिण्या आहेत. डोळे फसतात, टूमी, हात नाही फसत. तू असा काय बघतोयस माझ्याकडं? माझ्यामुळं तर जिंकलात.”

आवाज झाला, आणि मग लागलं. टूमी घरापर्यंत चालतच गेला. ट्राममध्ये बसायची त्याला हिंमत नव्हती. संध्याकाळचं ऊन अजून भिंतींवर होतं. कॉलरच्या कारखान्यांतून बाया सुटल्या होत्या, त्यांच्या अंगाला खळीचा आणि तापल्या इस्त्रीचा वास होता. डीलियाच्या अंगाला लग्नाआधी हाच वास असायचा. तो आपला व्यवहार पुन्हा पुन्हा तपासून बघत होता. मी खरं बोललो. पण माझं खरं कोणी घेतलंच नाही. ते मातीत पडलं. मग त्याची किंमत धरायची की नाही? आणि त्याहून वाईट गोष्ट त्याच्या मनात हळूहळू वर येत होती. आजवर तो समजत होता की आपण लोकांना फसवतो. कड लागलेली नसते, आपण ती लागली असं भासवतो. पण लिंडेमानच्या हाताला झिणझिण्या होत्या. त्या आधीच्या सगळ्यांच्याही हातांना असतील का? त्या जाड्याच्या? आवाज आधी झाला की जग घाईघाईने त्याच्यामागून येऊन ते खरं करून टाकतं, असं तर नाही? त्याला आपल्या तोंडाची भीती वाटली. मग त्याला वाटलं, आपण नको तेवढा विचार करतोय, दमलोय, पोटात काही नाही. 

डीलिया पलंगावर उताणी निजली होती. झगा वर सरकवलेला, पोट उघडं, खिडकीतून आलेलं ऊन त्यावर पडलेलं. हॅनलनबाई पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर बसली होती आणि नळीला कान लावून होती. तिने टूमीला हाताने गप्प राहायची खूण केली. तो दाराशीच थांबला. हॅनलनबाईने नळी थोडी डावीकडे घेतली. मग खाली. मग पुन्हा वर. तिचा चेहरा कोणताच भाव दाखवत नव्हता, आणि एवढी बोलकी बाई भाव दाखवत नाही म्हणजे काय, हे डीलियाला कळत होतं; ती छताकडे बघत होती. शेवटी हॅनलनबाई मागे टेकली.

“माझा एक कान गेलाय, दुसरा वाटेवर आहे,” ती म्हणाली. तिने दोष स्वतःच्या कानांवर घेतला याबद्दल टूमी तिचा जन्मभर ऋणी राहिला असता. “तू ये रे पोरा. तुझे कान म्हणे सशाचे. तू ऐक.”

“कसं असतं ते?”

“उशीखाली घड्याळ ठेवलंय असं समज. बारीक, अन् भरभर. माणसाच्या काळजासारखं नाही, पाखराच्या.”

तो गुडघ्यांवर बसला. नळी त्याला नको होती. त्याने गाल आणि कान सरळ तिच्या पोटावर टेकले. कातडी गरम होती. आधी त्याला स्वतःचंच रक्त ऐकू आलं, कानशिलात धडधडणारं. ते ओसरू दिलं. मग आतड्यांतली गुरगुर, लांब कुठेतरी पाणी वाहावं तशी. मग डीलियाचं काळीज, जड, सावकाश. आणि त्या सगळ्याच्या तळाशी तो कान नेत गेला, आयुष्यभर कमावलेला कान, आणि तिथे काही नव्हतं. ओतशाळा रविवारी असते तशी शांतता होती. साचे तयार, वाळू ओली, आणि माणूस नाही.

तो वाट बघत राहिला. ज्या आवाजापासून तो पळत होता, त्याचीच. ट्राममध्ये झाला, मैदानात तोंडात रबर कोंबलेलं असताना झाला, चर्चमध्ये, जिन्यात, नको तिथे झाला. आता हो की. इथे हो. त्याने डोळे घट्ट मिटले. काही झालं नाही. एवढे आठवडे मानगुटीवर बसलेलं ते जे काही होतं ते निघून गेलं होतं, किंवा उठून जरा बाजूला उभं राहून हा काय करतो ते बघत होतं.

“जेरी?” डीलिया म्हणाली. “येतंय का ऐकू?”

तिचा आवाज त्याला पोटातूनच ऐकू आला. त्या क्षणी त्याला वाटलं, की आपण कुणाला फसवत नाही आहोत. इथे प्रॅट नाही, लिंडेमान नाही, जिंकायचं कुणालाच नाही. हाक मारायची आहे, एवढंच. आधी हाक, मग ओ. त्याने जिभेचं टोक टाळूला लावलं. बोटं बधिर झालेल्या माणसाने सुईत दोरा ओवावा तशा जपणुकीने त्याने ते सोडलं. टिक्. फार बारीक. पुन्हा. पुन्हा. त्याने गती धरली, भरभर, पाखराच्या काळजाची. इतकं सफाईदार त्याला मैदानात कधी जमलं नव्हतं. घसा हलत नव्हता, गाल हलत नव्हता, श्वास कुठे घेत होता हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

हॅनलनबाईने छातीवर हात मारला. “आला,” ती म्हणाली, “माझ्या या गेलेल्या कानालासुद्धा आला, मेरी माउली,” आणि ती खिशातली जपमाळ शोधू लागली, तिला ती सापडेना, आणि ती रडू लागली.

डीलिया रडली नाही. टूमीने डोळे उघडले तेव्हा ती त्याच्याकडेच बघत होती. लग्नाआधी, ती इस्त्रीच्या टेबलाशी उभी असायची तेव्हा तो खिडकीतून हाच आवाज काढायचा, ती दचकून इस्त्री उचलायची, मग ओळखून हसायची. ट्रॉय शहरात हा आवाज ओळखणारं जर कोणी असेल तर ती. तिने ओळखला होता. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. फक्त ओळखल्याचं होतं, आणि त्याखाली इतकी मोठी भीती की टूमीला ती बघवेना. त्याची जीभ अडखळली. तो थांबणार होता. तिचा हात त्याच्या डोक्यावर आला. आपल्याला ढकलून देईल असं त्याला वाटलं, आणि तिने तसं केलं असतं तर ते बरोबरच होतं. तिने त्याचं डोकं पोटावर घट्ट दाबून धरलं.

“थांबू नकोस,” ती इतक्या हळू म्हणाली की हॅनलनबाईला ऐकू गेलं नसावं.

त्याने पुन्हा सुरू केलं. टिक्, टिक्, टिक्. ऊन तिच्या पोटावरून सरकून चादरीवर गेलं. हॅनलनबाई खिडकीशी उभी राहून खाली कोणाला तरी सांगत होती, सगळं ठीक आहे म्हणून. डीलियाने डोळे मिटले. तिच्या कपाळावरची शीर हळूहळू सैल झाली, आणि बऱ्याच वेळाने, झोपेत बोलावं तसं ती बोलली.

“लागलं. जेरी, आतून पाय लागला मला आत्ता.”

त्याच्या गालाला काही लागलं नव्हतं. तो करत राहिला.